धाब्यावर बसलेली माती

अमक्याने नियम धाब्यावर बसवले, असे वर्तमानपत्रांत रोज छापून येते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हमरस्त्यावरचा ढाबा उभा राहतो: बाजा, तडका मारलेली डाळ, ओळीने लावलेले ट्रक. वाक्प्रचारातला धाबा मात्र तो नव्हे. मराठीतले धाबे म्हणजे घराचे मातीचे सपाट छत. नको असलेली वस्तू वर टाकून मोकळे व्हायचे, तसे नियमही वर टाकून मोकळे व्हायचे, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

प्रवरेच्या काठच्या बेलापुरात हा अर्थ एके काळी कोणाला समजावून सांगावा लागला नसता. हे बेलापूर नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले, श्रीरामपूर तालुक्यातले. नवी मुंबईतल्या बेलापूरशी त्याचे साम्य नावापुरतेच. नावाचा घोळ इथे आणखीही एक आहे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि या टापूतल्या स्थानकाला जवळच्या मोठ्या गावाचे नाव मिळाले. पुढे स्थानकाभोवतीच पेठ वाढली, तिचे श्रीरामपूर झाले, तरी स्थानकाने आपले नाव सोडले नाही. त्यामुळे बेलापूर स्टेशनावर उतरलेला पाहुणा आधी श्रीरामपुरात पोचतो आणि मग बेलापूरची वाट विचारतो.

शहरांतल्या गच्च्यांवर आता हिरवे छत करण्याची हौस वाढली आहे. त्यातला एक सुटसुटीत प्रकार ट्रेचा. प्लास्टिकचे चौकोनी, उथळ ट्रे रोपवाटिकेत आधीच लावून वाढवायचे, मग आणून फरशांसारखे एकाला एक लावून गच्चीवर मांडायचे. गळती झाली तर तेवढे चार ट्रे उचलायचे, दुरुस्ती करायची, परत ठेवायचे. ही कल्पना परदेशी पुस्तकातून आलेली वाटते. पण छतावर माती वाहून नेणे, ती कोणती असावी, किती असावी, तिच्यात काय उगवू द्यावे आणि काय नाही, हे प्रश्न प्रवरेच्या खोऱ्याला नवे नाहीत. शेकडो वर्षे या भागातली माणसे मातीखाली झोपली. फरक एवढाच की त्या मातीत एक पातेही टिकू नये, याची ती काळजी घेत.

प्रवरा उगवते रतनगडावर, अकोले तालुक्यात. तिथे घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. नदी पूर्वेला भंडारदऱ्याच्या धरणातून, संगमनेरवरून बेलापुराकडे येते तोवर सह्याद्रीची पर्जन्यछाया पक्की झालेली असते आणि पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरवर येतो. पुढे टोक्याजवळ प्रवरासंगमाला ती गोदावरीला मिळते. नदीच्या या वाटेवर घरांची छपरेही बदलत जातात. डांगाणात, म्हणजे वरच्या डोंगराळ पट्ट्यात, उतरते छप्पर, त्यावर गवत किंवा कौल. पाणी जितक्या लवकर खाली जाईल तितके बरे. खाली सपाटीवर पाऊस तुटपुंजा, लाकूड महाग आणि ऊन आठ महिने. तिथे छपराला उतार देऊन उपयोग नाही, ऊन अडवायला जाडी हवी. म्हणून धाबे. सोलापूर-मराठवाड्याकडे त्यालाच माळवद म्हणतात.

धाब्याची रचना वरून पाहणाऱ्याला नुसता चिखल वाटेल. आत तिच्यात चार-पाच थर असतात. भिंतींवर आणि लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचांची म्हणजे चिरलेल्या लाकडांची दाट मांडणी. त्यावर तुराट्या किंवा तरवडाच्या फांद्या, त्यावर कडुनिंबाचा पाला. पाला वाळवीला आणि किड्यामुंगीला आळा घालतो. मग चिखलाचा थर, आणि सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी माती. एका बाजूला बोटभर उतार आणि त्या उताराच्या टोकाला पन्हळ. उजेडासाठी व चुलीचा धूर जाण्यासाठी मध्ये एक भोक, साणे. पाऊस आला की त्यावर काहीतरी झाकण टाकायला कोणीतरी पळत वर जायचे.

यातला सगळा कस पांढऱ्या मातीत होता. गावाच्या भाषेत जमीन दोन तऱ्हांची: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हातभर भेगा पाडते. छतावर ती टाकली तर पहिल्या पावसात फुगेल, आश्विनातल्या उन्हात फाटेल आणि पुढच्या सरीला घरात धार लागेल. पांढरी अशी वागत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, जनावरांचे मूत, पडक्या भिंती, सगळे मिसळून ती खारवट झालेली असते. मातीत सोडियमचे क्षार वाढले की चिकणमातीचे बारीक कण सुटे होतात आणि पाण्याच्या वाटा बुजवून टाकतात. ओली झाली की ती वरच्या वर मिटते, पाणी खाली न मुरता पन्हळीकडे वाहते. शेतकरी अशाच जमिनीला चोपण म्हणून नाके मुरडतो, कारण तिच्यात पीक धरत नाही. गवंड्याला नेमकी तीच हवी असे. जिथे काही उगवत नाही ती माती डोक्यावर घ्यायची, हा धाब्याचा पहिला नियम.

पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनाही ही पांढरी फार कामाची. दख्खनमध्ये काळ्या शिवारात मध्येच एखादे पांढुरके टेकाड दिसले की तिथे जुनी वस्ती असण्याचा संभव असतो. संगमनेर तालुक्यातले जोर्वे हे असेच प्रवराकाठचे गाव. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झाले आणि एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला त्याचे नाव मिळाले. श्रीरामपूर तालुक्यातलेच दायमाबाद तर जगभर गाजले. १९७४ मध्ये तिथे एका गावकऱ्याला झाडाच्या बुंध्याशी खणताना काशाची चार शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. अशा टेकाडांची माती गावोगाव लोक छतासाठी आणि शेतासाठी गाड्या भरून नेत आले. त्यात पुष्कळ इतिहास वाहून गेला, हे खरे. पण जुन्या वस्तीची राख नव्या वस्तीच्या डोक्यावर, या व्यवहारात एक विलक्षण सातत्यही आहे. एखाद्या धाब्याच्या मातीत तीन हजार वर्षांपूर्वीच्या खापरांचा चुरा असेल आणि त्यावर कुरडया वाळत असतील.

कुरडया, सांडगे, शेवया, मिरच्या, हरभऱ्याची डाळ. उन्हाळ्यात धाबे हे घराचे दुसरे अंगण असे. रात्री सगळे घर वाकळा घेऊन वर. शेजाऱ्यांच्या धाब्यांना धाबी लागलेली, त्यामुळे खालच्या बोळात न उतरता गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला जाता येई. मुलांनी या वाटेचा काय उपयोग केला असेल ते सांगायला नको.

मृग जवळ आला की धाब्याकडे पाहण्याची दृष्टी बदलायची. उंदरांची बिळे बुजवायची, भेगांत चिखल भरायचा, पांढरीच्या चार पाट्या नव्याने टाकायच्या, पाणी शिंपून चोपायच्या. हे काम दर वर्षाचे. पाऊस सुरू झाल्यावर तरी स्वस्थता कुठे? खारी माती कितीही निवडून आणली तरी वारा आणि पाखरे बी आणून टाकतातच. श्रावणात धाब्यावर हिरवी लव दिसू लागली की घरातला एक माणूस वर चढून ती उपटून काढी. बाहेरून येणाऱ्याला ती हिरवळ सुंदर वाटेल. घरधन्याला तिच्या मुळांची भीती. मूळ खाली जाते, थर पोखरते, वाळले की त्याच्या जागी नळी राहते आणि त्या नळीतून पाणी थेट किलचांवर. लाकूड कुजले की धाबे बसले. खाली ना डांबर, ना प्लास्टिक. पाणी अडवणारा थर एकच आणि तोच मातीचा. गवत वाढलेले धाबे म्हणजे बंद पडलेले घर, अशी ओळख पडली ती यातूनच.

दुसरा शत्रू होता वजन, आणि तो दिसत नसे. दर वर्षी चार पाट्या टाकायच्या, जुनी माती काढायची मात्र नाही. आजोबांच्या काळी वीतभर असलेला थर नातवाच्या काळी हातभर होई. कोरडी माती घनमीटरला साधारण १,६०० किलो भरते, असे धरले तर एक फूट जाडीचा थर चौरस मीटरला पावणेपाचशे-पाचशे किलो होतो. तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीवर जवळजवळ सहा टन. हे कोरडे असताना.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हे वजन साऱ्या देशाला कळले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे दमून झोपलेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. धक्का मोठा होता, पण जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता. मारले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या फूट-दोन फूट मातीने. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती आत कोसळल्या. त्यानंतर पत्रा आणि स्लॅब यांच्याकडे आधीच चाललेली वाटचाल धावण्यात बदलली. प्रवराकाठी हे स्थित्यंतर आधीच सुरू झाले होते, आणि त्याचे कारण भूकंप नव्हते, ऊस होता.

भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. धरणाचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन कालव्यांनी खाली आले आणि कोरडवाहू बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना त्याच सुमारास आला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम लागला १९५० मध्ये. उसाचा पैसा घरात आला तसे आधी पत्रे आले, मग विटा, मग स्लॅब. कालव्याच्या पाण्याने एक उलटी गोष्टही केली. अतिपाण्याने काही जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. छतावर टाकायला उत्तम अशी माती शिवारात तयार होऊ लागली, तेव्हा छते तिच्यावाचून चालू लागली होती.

पत्र्याने गळती थांबवली आणि भट्टी लावली. स्लॅबने वर चालता येऊ लागले, पण वैशाखात संध्याकाळी सातला तो आत उष्णता सोडू लागतो ते मध्यरात्रीपर्यंत. धाब्याखाली झोपलेली म्हातारी माणसे ‘त्या घरात गार वाटायचं’ म्हणत, ते नुसते आठवणींचे कौतुक नव्हते. मातीचा जाड थर दुपारचे ऊन खाली पोचू द्यायलाच रात्र करतो.

इकडे धाब्यावरचे गवत उपटले जात होते, त्याच काळात जर्मनीत नेमकी उलटी गोष्ट घडली, तीही अजाणता. एकोणिसाव्या शतकात बर्लिन भराभर वाढत होते आणि स्वस्त घरांची छपरे डांबरी कागदाची होती. आग लागली की ती पेटत. म्हणून डांबरावर वाळू आणि खडीचा थर पसरण्याची पद्धत निघाली. वाऱ्याने बी आणले, शेवाळ आले, गवत आले. कोणी उपटले नाही, कारण खाली डांबर होते. शंभर वर्षांनंतरही त्यातली काही छपरे न गळता उभी आहेत, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आले. झाडांनी डांबराला उन्हापासून सांभाळले होते. तिथून शास्त्र सुरू झाले. १९८२ मध्ये एफएलएल या जर्मन संस्थेने हिरव्या छतांचे तांत्रिक नियम छापले: मुळे अडवणारा थर कोणता, माती किती हलकी, पाणी कसे काढायचे. कमी देखभालीच्या छतावर त्यांनी सेडम वापरले, जाड पानांत पाणी साठवणारे बुटके झाड. ट्रेची पद्धत पुढे अमेरिकेत बाळसे धरू लागली.

ट्रे नेमका काय करतो, हे धाब्याच्या गवंड्याला एका वाक्यात पटले असते. मूळ खाली जाऊ देत नाही. सगळी जमीन एकसंध न ठेवता तिचे खण पाडायचे, प्रत्येक खणाला स्वतःचा तळ, तळाला पाण्याची भोके आणि छतापासून वर उचलणारे पाय. माती आत अडकली, पाणी खालून वाहून गेले, आणि तरीही ओल कुठे दिसली तर ट्रे उचलून पाहता येते. धाब्यात हे शक्यच नव्हते. तिथे गळतीचे मूळ शोधायला अर्धे छत उकरावे लागे. वजनाचा हिशेबही बदलला. दहा सेंटिमीटर खोल ट्रे कोकोपीट, विटांचा चुरा, कंपोस्ट अशा हलक्या मिश्रणाने भरला तर भिजल्यावर चौरस मीटरला साधारण शंभर किलो होतो. जिथे माणसांची ये-जा असते अशा सपाट गच्चीसाठी भारतीय मानक १५० किलोंच्या आसपास वरकड भार धरते. म्हणजे हिशेब बसतो, पण काठावर बसतो. वर पाण्याची टाकी आणि लग्नाचा मांडवही असेल तर बसत नाही. जुन्या स्लॅबवर आधी अभियंत्याला चढवावे, मग मातीला.

ट्रेमध्ये पेरणे मराठी घराला शिकवावे लागत नाही. घटस्थापनेला पत्रावळीवर किंवा परडीत वावरातली माती पसरतात, तिच्यात धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घट पाझरतो, त्या पाझरावर कोंभ वाढतात. माती दोन बोटे आणि पाणी आपोआप. गच्चीवरच्या ठिबकाला यापेक्षा जुना पूर्वज कुठला शोधायचा? दसऱ्याला ते कोंभ टोपीत खोवले की प्रयोग संपतो. अलीकडे उसाच्या पट्ट्यात एक डोळ्याची कांडी कोकोपीट भरलेल्या प्लास्टिकच्या ट्रेत लावून रोपे करतात आणि मगच ती सरीत जातात. टोमॅटो, मिरची, वांगे यांचेही तेच. शेडनेटखाली ट्रेंच्या रांगा हे नगर जिल्ह्यात आता रोजचे दृश्य. एवढे सगळे खाली चालते. वर गच्चीवर मात्र टाकी, डिश अँटेना आणि मोडकी सायकल.

महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध हिरवे छत छत म्हणून कोणी ओळखतही नाही. मुंबईतल्या मलबार हिलवरची हँगिंग गार्डन्स एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात पाण्याच्या जलाशयावर उभी राहिली. खाली शहराचे पिण्याचे पाणी, वर हिरवळ आणि प्राण्यांच्या आकारात छाटलेली झुडपे. सहलीला गेलेली मुले जमिनीवर नव्हे तर टाकीच्या झाकणावर खेळत असतात. २०२३ मध्ये जुना जलाशय पाडून नवा बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा झाडे जातील म्हणून रहिवाशांनी विरोध केला, आणि त्या निमित्ताने पुष्कळ मुंबईकरांना पहिल्यांदा कळले की बाग कशावर आहे.

बागेपेक्षा गच्चीच्या जवळचा धागा दुसरा आहे, आणि तो उसाशी जुळतो. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर भाज्या आणि फळे पिकवण्याची जी रीत शिकवली, तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या, पिंपे आणि जुने टायर होते, आणि माती अगदी थोडी. बाकीचा भराव उसाच्या चिपाडाचा. रसवंतीवाला जे फेकतो ते कुजवायचे आणि त्यात झाड लावायचे. वजन आपोआप कमी. कोल्हापूरकडचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभारून थोड्या जागेत, घरच्याच जैव कचऱ्यावर भरपूर पीक कसे घ्यावे याचा हिशेब मांडला. या दोघांच्या कामातून धडा घेऊन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खानपान विभागातल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ पासून तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग फुलवली. तीन हजारांच्या वर कामगारांसाठी रोज रांधणाऱ्या त्या स्वयंपाकघराचा ओला कचरा गच्चीवरच जिरू लागला.

बेलापुरासारख्या ठिकाणी मुंबईचा हा कित्ता जसाच्या तसा चालायचा नाही. मुंबईत हवेत ओल असते. इथे ऑक्टोबरनंतर आभाळ बंद आणि एप्रिलमध्ये टँकर. जर्मन सेडम तर इथल्या मेमध्ये ट्रेतच उकडून निघेल. उत्तर नदीच्या उगमाकडे शोधावे लागते. रतनगड, हरिश्चंद्रगड, आणि दक्षिणेला साताऱ्याचे कास. हे सडे म्हणजे निसर्गानेच घातलेले स्लॅब: खाली सलग खडक, वर बोटभर माती. सप्टेंबरात तिथे तेरडा, कवला आणि शेकडो बारीकसारीक फुले पायघड्या घालतात. दिवाळीनंतर सगळे वाळते, उन्हाळ्यात नुसता तपकिरी खडक. बी मात्र मातीत शाबूत असते आणि मृगाला पुन्हा उठते. कमी देखभालीचे छत दख्खनमध्ये करायचे तर ते असे असेल: चार महिने हिरवे, चार महिने पिवळे, चार महिने मातकट. ज्याला बारा महिने गालिचा हवा आहे त्याने पाण्याची सोय आधी सांगावी. मधला मार्ग म्हणून घोळ, चिनी गुलाब, पानफुटी, कोरफड ही पाणी साठवणारी मंडळी आहेत. आठवड्याला तांब्याभर पाण्यावरही ती तग धरतात आणि कोणी गावाला गेले तर रुसत नाहीत. घोळीची तर भाजीही होते.

प्रवराकाठी धाब्याची घरे आता थोडी उरली आहेत. वाटणी झाली, वाडा पडायला आला की लाकडाला गिऱ्हाईक पहिले येते. सागवानी खांब आणि तुळया शहरातल्या हॉटेलांत जाऊन बसतात. मग मातीचा नंबर. धाब्याची आणि भिंतींची पांढरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरतात आणि शेतात नेऊन पसरतात, कारण वस्तीच्या मातीत खत असते हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. काळ्या रानात पातळ पसरली की तिचा खार जाणवत नाही. पहिल्या पावसानंतर चार दिवसांत तिच्यात गवत उगवते.